नवा प्रोसेसर आणि रोज सकाळी तोच प्रश्न

गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वडिलांनी टेपरेकॉर्डर लावून मुद्रित केलेल्या कीर्तनांच्या कॅसेटी मी गेली दोन वर्षे संगणकावर उतरवून घेत आहे. खरखर काढून आवाज स्वच्छ करण्याचे काम माझ्या जुन्या रायझन ५ २६०० या प्रोसेसरला जड जाऊ लागले, म्हणून दिवाळीनंतर त्याच मदरबोर्डवर रायझन ७ ५७००एक्स बसवला. सहा कोअरचे आठ झाले, सॉकेट तेच एएम४ राहिले, आणि दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचेच असल्यामुळे पॉवर सप्लाय बदलण्याची गरज पडली नाही. ५००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या बोर्डाला ओळखता यावा म्हणून बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना बोर्डावर सर्वांत आधी चालणारी प्रणाली, आधीच अद्ययावत करून घेतला होता. जुना प्रोसेसर काढताना कूलर सरळ वर न ओढता हळूहळू फिरवून सोडवला, कारण एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जाऊ शकतो. सगळे नीट बसले, पंखा फिरला, आणि विंडोज सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक निरोप उमटला.

त्याचा आशय असा होता: नवा सीपीयू बसवला आहे, एफटीपीएमची (गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) साठवण खराब झाली आहे किंवा तिची रचना बदलली आहे. एफटीपीएम नव्याने सुरू करायचा असेल तर ‘वाय’ दाबा, मात्र बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) किंवा दुसरे एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी कीशिवाय, म्हणजे ते कुलूप उघडणाऱ्या राखीव किल्लीशिवाय, संगणक सुरू होणार नाही. जुनी नोंद तशीच ठेवून पुढे जायचे असेल तर ‘एन’ दाबा.

‘संगणक सुरू होणार नाही’ एवढे वाचून माझा हात आखडला. त्या डिस्कवर वडिलांचा आवाज होता. मी ‘एन’ दाबले, विंडोज सुरू झाली, आणि विषय संपला असे मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच निरोप पुन्हा समोर आला, तिसऱ्या दिवशीही आला, आणि पुढचे अकरा दिवस मी रोज ‘एन’ दाबूनच कामाला बसत होतो.

दुकानात विचारले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, बोर्डाचा सेल गेला असेल. तो बदला, मेसेज बंद होईल.” सेल खरोखरच जुना होता, म्हणून सीआर२०३२ आणून बदलला. बायोसमधली तारीख आणि इतर सेटिंग मूळपदावर गेली, ती पुन्हा भरली, पण निरोप जागच्या जागी होता. मग रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, प्रोसेसरही एकदा उचलून पिना तपासल्या. यातल्या कशाचाही उपयोग होणार नव्हता, आणि का होणार नव्हता हे समजून घेतल्यावरच मला खरा उलगडा झाला.

टीपीएम म्हणजे संगणकातील गुप्त किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था. काही बोर्डांवर तिच्यासाठी वेगळी चिप असते. एफटीपीएममध्ये मात्र हे काम प्रोसेसरच्या आत असलेला सुरक्षा-भाग फर्मवेअरच्या साहाय्याने करतो, पण त्याची साठवण प्रोसेसरमध्ये नसते. ती मदरबोर्डवर, बायोस ज्या फ्लॅश चिपमध्ये असतो तिच्यातच ठेवलेली असते. ती कुलूपबंद असते, आणि कुलूप उघडणारे गुपित प्रत्येक प्रोसेसरमध्ये त्याचे स्वतःचे असे वेगळे असते. मी प्रोसेसर बदलला तेव्हा तिजोरी बोर्डावर राहिली आणि किल्ली जुन्या प्रोसेसरबरोबर खोक्यात गेली. नव्या प्रोसेसरला ती तिजोरी दिसते, पण उघडत नाही, म्हणून तो विचारतो की ती पुसून नवी करू का. सेल काढल्याने सीमॉसमधली, म्हणजे सेलच्या विजेवर टिकणाऱ्या छोट्या स्मृतीतली, सेटिंग जातात. फ्लॅश चिपला मात्र विजेची गरजच नसते, त्यामुळे तिच्यातली तिजोरी सेल काढूनही जशीच्या तशी राहते.

‘एन’चा अर्थही तेव्हाच नीट लागला. त्या निरोपाची शेवटची ओळ मी रोज न वाचताच सोडून देत होतो. तिच्यात स्पष्ट लिहिले होते की ‘एन’ दाबल्यास नव्या सीपीयूवर एफटीपीएम चालू होणार नाही, आणि जुना सीपीयू परत बसवला तर जुन्या किल्ल्या परत मिळवता येतील. म्हणजे ‘एन’ हे उत्तर त्या दिवसापुरते होते. प्रश्न सुटलेला नसल्यामुळे तो प्रत्येक वेळी पुन्हा विचारला जात होता, आणि यंत्रात बिघाड असा कोणताच नव्हता. विंडोजमध्ये जाऊन टीपीएमचे व्यवस्थापन उघडले तर तिथेही सुसंगत टीपीएम सापडत नाही असेच लिहून आले. प्रोसेसर बदलल्यापासून लॉगिनचा पिन चालत नव्हता आणि पासवर्ड द्यावा लागत होता, त्याचेही कारण हेच होते.

आता ‘वाय’ दाबण्याची भीती कितपत खरी होती, हे पाहणे उरले. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. सी ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असता आणि त्याची किल्ली टीपीएममध्ये असती, तर टीपीएम बंद असताना, म्हणजे ‘एन’ दाबल्यानंतरही, विंडोजने निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली असती. अकरा दिवसांत तिने ती एकदाही मागितली नव्हती. तरीही अनुमानावर विसंबणे मला बरे वाटले नाही, म्हणून ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड खिडकीतून बिटलॉकरची स्थिती तपासली. दोन्ही ड्राइव्हसमोर संरक्षण बंद असल्याचे दिसले. त्याशिवाय कीर्तनांचा सगळा संग्रह बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला आणि त्यातल्या तीन फायली तिथूनच उघडून ऐकल्या. मगच संगणक पुन्हा सुरू केला आणि ‘वाय’ दाबले.

पडदा क्षणभर काळा झाला, संगणक आपणहून एकदा बंद होऊन सुरू झाला, आणि विंडोज उघडली. मी तो चार वेळा पूर्ण बंद करून सुरू केला. निरोप परत आला नाही. टीपीएम आता आवृत्ती २.० म्हणून वापरण्यास तयार दिसत होता. जुना पिन काढून नवा केला.

याच महिन्यात शेजारच्या वहिनींच्या संगणकाचाही प्रोसेसर बदलला, आणि तिथे प्रकरण वेगळे निघाले. त्यांच्या विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू होते आणि त्यांना ते माहीत नव्हते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की ते अनेक संगणकांवर आपोआप चालू होते. त्यामुळे त्यांच्याकडे ‘एन’ दाबूनही निळा पडदाच आला. मी त्यांना ‘वाय’ला हात लावू दिला नाही. आधी मोबाइलवरून त्यांच्या खात्यात जाऊन रिकव्हरी की शोधली आणि पडद्यावरचा की आयडी तिच्याशी जुळवून पाहिला. ती की ४८ अंकांची, सहा-सहा अंकांचे आठ गट अशी असते, आणि प्रत्येक गटाला ११ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे लिहून घेताना एखादा अंक चुकला तर तो तिथल्या तिथे पकडता येतो. वहिनींनी आठही गट कॅल्क्युलेटरवर भागून पाहिले. पाचव्या गटात त्यांनी ३च्या जागी ८ लिहिला होता. की खात्यात मिळाली नसती, तर जुना प्रोसेसर परत बसवून, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करून मगच नवा लावायचा, असे आमचे ठरले होते. ती वेळ आली नाही. ‘वाय’ दाबल्यावर की एकदाच मागितली गेली, ती कागदावरून भरली, आणि तो कागद वहिनींनी मदरबोर्डच्या खोक्यात, जुन्या प्रोसेसरशेजारी ठेवून दिला.