पंप क्रमांक दोनचा गुणक

मालमत्ता व्यवस्थापनासाठी बसवलेली डिजिटल ट्विन प्रणाली, म्हणजे खऱ्या यंत्राची संगणकातली प्रतिकृती, कितपत परिपक्व आहे हे तपासून श्रेणी देणे, हे माझे काम. गेल्या आषाढात गोव्यातील एका नदीकाठच्या पंपगृहात मी दोन दिवस होतो आणि तेथील पंप क्रमांक दोन अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

ठेकेदाराने सर्वांत वरच्या श्रेणीचा दावा केला होता आणि त्याचे शेवटचे बिल त्या श्रेणीवर अवलंबून होते. निविदेत सेन्सर किती आणि स्क्रीन किती हे मोजून लिहिले होते. त्या माहितीवरून कोणता निर्णय कोणी घ्यायचा, याबद्दल एक ओळही नव्हती. मी २०१८ साली क्रिट्झिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले वर्गीकरण आधाराला घेतो. माहिती हाताने भरली जात असेल तर ते नुसते मॉडेल, यंत्राकडून आपोआप येत असेल पण परत जात नसेल तर ती सावली, आणि दोन्ही दिशांनी आपोआप वाहत असेल तरच तो ट्विन. येथे दाब, विजेचा भार, बेअरिंगचे तापमान सारे येत होते, परत काहीच जात नव्हते. म्हणजे सावली. अहवाल तेवढ्यावर संपला असता.

मात्र पंप दोनचा मॉडेलने काढलेला प्रवाह मीटरशी फारच चांगला जुळत होता आणि तेच मला खटकले. पावसाळ्यात नदी जांभ्या मातीने तांबडी होते, त्या पाण्यातील वाळू इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चाक) आणि वेअर रिंग (त्या चाकाभोवतीची फट अरुंद ठेवणारी कडी) घासत राहते, रिंगमधील फट वाढली की दाबाखालचे पाणी पंपातल्या पंपातच मागे फिरते. मॉडेलमध्ये मात्र उत्पादकाने दिलेला नव्या पंपाचा आलेख होता; मग झिजलेल्या पंपाशी तो जुळावा कसा?

सेटिंगच्या नोंदींत उत्तर सापडले. तेथे एक ‘करेक्शन फॅक्टर’ होता, म्हणजे मॉडेलने काढलेल्या प्रवाहाला ज्याने गुणायचे तो हाताने भरलेला गुणक: सुरुवातीला १.००, मग ०.९६, ०.९३ आणि आता ०.८८. मीटरच चुकत असेल ही शंका उरू नये म्हणून मी नळावर बाहेरून अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारा, मीटर लावला. त्याला वळणापासून व्यासाच्या सुमारे दहापट सरळ नळ लागतो आणि तेवढी लांबी बाहेर पावसातच होती, म्हणून ताडपत्री धरून गंज खरवडला. दोन्ही मीटर जुळले. विजेचा भार जवळपास तोच आणि पाणी १२ टक्के कमी, म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे सुमारे १४ टक्के वीज जास्त जात होती. ही झीज दाखवण्यासाठीच प्रणाली विकत घेतली होती, आणि तिने दाखवलेला फरक दर वेळी गुणकाने पुसला गेला होता.

गुणक बदलणारा तरुण अभियंता प्रामाणिक होता. “सर, फरक पाच टक्क्यांवर गेला की रात्रभर अलार्म वाजतो. तो बंद करा, एवढेच वरून सांगितले जाते,” तो म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. अलार्मचे कारण न विचारणाऱ्या वरिष्ठांना नक्की देतो.

माझ्यापुढचा प्रश्न श्रेणीचा आहे. माहिती आपोआप येते म्हणून सावली म्हणावे, की मधला गुणक हाताने भरला जातो म्हणून नुसते मॉडेल? पंप एक आणि तीनचे गुणक १.०० वरच आहेत, मग एकाच केंद्राला एकच श्रेणी द्यावी का? पाणीपुरवठा थांबवता येत नसल्यामुळे पंप दोन पाऊस ओसरल्यावरच उघडला जाईल. तोवर गुणक १.०० वर आणून अलार्म वाजू द्यावा, अशी शिफारस मी मसुद्यात लिहिली आहे. रात्रपाळीला एकट्याने बसणाऱ्या त्या मुलाने मग काय करावे, ती ओळ अजून लिहिता आलेली नाही.