असू द्या त्यांना खुर्चीवर

दुपारी वर्तमानपत्र चाळताना ‘राजीनाम्याचा प्रश्नच उद्भवत नाही’ हे वाक्य दिसले, की मी मंत्र्याच्या छायाचित्राकडे न पाहता राजीनामा मागणाऱ्यांच्या छायाचित्राकडे पाहतो. ही माझी जुनी खोड आहे. फलक, घोषणा, उगारलेल्या मुठी असे सगळे यथासांग असते. पण मागच्या रांगेत एखादा चेहरा हमखास प्रसन्न असतो. हा गृहस्थ इतक्यात कुठे जात नाही, याची त्याला खात्री असते.

बदनाम माणूस पदावर राहणे दोन्ही बाजूंच्या पथ्यावर पडते. दिलेला राजीनामा ही एका दिवसाची बातमी असते आणि न दिलेला राजीनामा रोजची, त्यामुळे हे घोंगडे भिजत राहिलेले विरोधकांना बरेच वाटते. वर बसलेल्यांनाही घाई नसते, कारण दगड खालच्या माणसावर पडत आहेत तोवर आपली काच शाबूत राहते, हे त्यांना चांगले ठाऊक असते.

या विद्येचा सर्वांत सुरस नमुना म्हणजे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू. मेरीलँडच्या कंत्राटदारांकडून ते पैसे घेत आले होते आणि उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरही रोख रकमेची पाकिटे त्यांच्यापर्यंत पोहोचत होती, असे त्या कंत्राटदारांनीच सरकारी वकिलांना सांगितले. त्याच सुमारास वॉटरगेटमध्ये, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपल्याच्या प्रकरणात, अडकत चाललेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा होरा असा होता, की आपल्याला हटवले तर अ‍ॅग्न्यू राष्ट्राध्यक्ष होतील, या धास्तीने संसद आपल्याला हात लावणार नाही. सप्टेंबर १९७३ मध्ये खुद्द अ‍ॅग्न्यू प्रतिनिधीगृहाचे सभापती कार्ल अल्बर्ट यांच्याकडे गेले आणि ‘माझी चौकशी तुम्हीच करा’, अशी विनंती त्यांनी केली. विरोधी पक्षाच्या अल्बर्ट यांनी प्रकरण न्यायालयापुढे असल्याचे कारण देऊन ती नाकारली. १० ऑक्टोबरला अ‍ॅग्न्यू गेले. त्यांच्या जागी जेरल्ड फोर्ड हे कोणालाच भीती न वाटणारे गृहस्थ आले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये निक्सनही गेले. फोर्ड आले नसते तर निक्सन टिकले असते, असे मी म्हणणार नाही; त्यांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफितीच पुरेशा होत्या. पण ढाल गेली होती, हे खरे.

आपल्याकडे कृष्ण मेनन यांचे उदाहरण आहे. १९४८ च्या जीप खरेदी प्रकरणाचा डाग असूनही ते मंत्रिमंडळात आले आणि संरक्षणमंत्री झाले. १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाल्यावर पक्षातलेच खासदार चवताळले, तेव्हाही नेहरूंनी त्यांना आधी संरक्षण उत्पादन खात्यात हलवून पाहिले. मात्र ७ नोव्हेंबरला त्यांना जावेच लागले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. मेनन यांच्यावर येणारे वार त्यानंतर थेट नेहरूंवर येऊ लागले, हे मात्र सहसा सांगत नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला.

अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या बाबतीत हा हिशेब उलटा बसला. इराकमधील अबू घ्रैबच्या तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळाची छायाचित्रे २००४ मध्ये बाहेर आल्यावर त्यांनी दोनदा राजीनामा देऊ केला, पण राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तो घेतला नाही. २००६ च्या संसदीय निवडणुकीत विरोधकांनी त्यांच्या नावाचा मनसोक्त उपयोग केला. ते शेवटपर्यंत राहतील, असे बुश मतदानाच्या आठवडाभर आधी म्हणाले होते. पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे जाणे जाहीर झाले आणि त्यांच्याच पक्षाचे पडलेले उमेदवार विचारू लागले, की हे आधी का नाही केले?

हा सगळा हिशेब मला आवडतो, बुद्धिबळाचा डाव पाहावा तितका आवडतो. फक्त त्या छायाचित्रांपासून रम्सफेल्ड जाईपर्यंतच्या अडीच वर्षांत इराकमध्ये सुमारे २,००० अमेरिकी सैनिक आणि त्याहून कितीतरी अधिक इराकी नागरिक मारले गेले, आणि त्या सगळ्या काळात युद्धाच्या आदेशांवर त्याच माणसाची सही होत होती.