बाई आणि कंसातली नावं

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असं पत्र आलं. सोबत विषयही सुचवले होते: शाळेचे संस्कार, स्नेहसंमेलनं, आंतरशालेय पदकं. त्यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मला फक्त बाईंवर लिहायचं आहे. जीवशास्त्राच्या बाई म्हटलं की आपल्या शाळेत एकच बाई, तेव्हा नाव सांगायची गरज नाही. आज मी पिकांवरच्या तुडतुड्यांच्या वर्गीकरणाचं काम करते. हातातला कीटक कुठल्या जातीचा आणि त्याचं आजचं ग्राह्य नाव कोणतं, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. ही वाट मला बाईंनी दाखवली, हे एकदा छापून यायला हवं होतं.

प्रयोगशाळेच्या कपाटातली, तळच्या खणातली ती लाकडी पेटी आठवते ना? वर काचेचं झाकण, कोपऱ्यात डांबरगोळ्या आणि टाचण्यांवर ओळीनं लावलेले कीटक. मृग लागला की आम्ही काडेपेट्या भरून आणायचो. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवरून भुंगे, अंबाझरी तलावावरून चतुर. काटोलकडच्या मुली लिंबू फुलपाखराच्या अळ्या संत्र्याच्या पानासकट आणायच्या. लाल मखमली मृगाचा किडा दरवर्षी कुणीतरी आणायचंच. बाई त्याचे पाय मोजायला लावायच्या आणि आठ भरले की तो कीटकांच्या पेटीतून बाद. कीटक कुठे आणि कोणत्या तारखेला सापडला हे सांगता आलं नाही, तर बाई तो घेतच नसत. नुसतं ‘शाळेजवळ’ चालत नसे. शाळेजवळ कुठे? फाटकाशेजारच्या बाभळीवर, की विहिरीपाशी?

नववीत असताना माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं विचारलं, “बाई, या माणसाचं नाव कंसात काहून लिहिलं?” गुलाबी बोंडअळीच्या पतंगाखाली चिठ्ठी होती: पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (सॉन्डर्स, 1844). शेजारी लिंबू फुलपाखराखाली पॅपिलिओ डेमोलियस लिनियस, 1758, आणि तिथे कंस नाही. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या नीट पाहिल्या आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही. विचारून येते.” शाळा सुटल्यावर त्या लुनावरून महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधीच उत्तर फळ्यावर होतं.

उत्तर असं. नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा (जीनस), आणि दुसरा त्या जातीचा. लिनियसनं लिंबू फुलपाखरू पॅपिलिओ प्रजातीत घातलं, ते अजून तिथेच आहे, म्हणून लिनियसचं नाव मोकळं. सॉन्डर्सनं हिंदुस्थानातल्या कापसावरचा हा पतंग डिप्रेसारिया प्रजातीत घातला होता. पेक्टिनोफोरा ही प्रजाती 1917 मध्ये बस्कनं केली. पतंग घर बदलत गेला, पण त्याची पहिली ओळख ज्यानं करून दिली त्याचं श्रेय राहिलं पाहिजे. म्हणून सॉन्डर्स कंसात.

तेवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. येताना त्यांनी बदललेल्या नावांची यादी वहीत उतरवून आणली होती, आणि पेटीतल्या कुठल्या चिठ्ठ्या जुन्या झाल्यात ते शोधायचं काम आम्हाला दिलं. पहिली सापडली मधमाशी. पाठ्यपुस्तकात आणि पेटीत, दोन्हीकडे एपिस इंडिका. फॅब्रिशियसनं हे नाव 1798 मध्ये दिलं. पण त्याच फॅब्रिशियसनं 1793 मध्ये त्याच जातीला एपिस सेराना म्हटलेलं होतं. एका जातीला दोन नावं पडली तर आधीचं ग्राह्य, म्हणून आपली सातेरी माशी एपिस सेराना झाली आणि इंडिका हे तिच्या उपजातीपुरतं उरलं. माझं अक्षर बारीक, म्हणून नवी चिठ्ठी मला लिहायला मिळाली. जाड कार्डशीटचा नखाएवढा तुकडा, बोरू आणि काळी ड्रॉइंगची शाई. मैत्रीण जुनी चिठ्ठी टाचणीवरून ओढून काढायला निघाली, तसा बाईंनी तिचा हात धरला. “ती राहू दे. नवी तिच्या खाली लाव. आपल्या आधीच्यांनी काय ठरवलं होतं, ते पुढच्याला दिसलं पाहिजे.”

मोठ्या संग्रहालयांत हाच दंडक पाळतात, हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं. तिथे एकेका टाचणीवर शंभर वर्षांतल्या अभ्यासकांच्या चिठ्ठ्या एकीखाली एक असतात. का, ते डासानं दाखवून दिलं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस एजिप्टायला 2004 मध्ये काही तज्ज्ञांनी स्टेगोमाया प्रजातीत हलवलं. त्यावर मोठा वाद झाला आणि 2015 मध्ये दुसऱ्या तज्ज्ञांनी त्याला परत एडिसमध्ये आणलं. जुनी चिठ्ठी फाडली असती तर पंचाईतच.

नाव बदललं की लोक वैतागतात, विद्यार्थी तर फारच. पण कापसावरचं जुनं संशोधन प्लॅटीएड्रा गॉसिपिएला, हेलिओथिस आर्मिजेरा, एम्पोआस्का डिव्हॅस्टन्स अशा नावांखाली पडलेलं आहे. आज त्याच किडी, म्हणजे गुलाबी बोंडअळी, अमेरिकन बोंडअळी आणि तुडतुडा, अनुक्रमे पेक्टिनोफोरा, हेलिकोव्हर्पा आणि अमरास्का आहेत. हा धागा जुळवून ठेवणारं कुणी नसेल, तर विदर्भातल्या शेतकऱ्याला सल्ला देणारा माणूस आधीच्या पिढ्यांची सगळी मेहनत गमावून बसेल. हे काम चिकाटीचं आहे. नर तुडतुड्याचं पोट पोटॅशमध्ये मऊ करायचं, जननांग सूक्ष्मदर्शकाखाली ग्लिसरिनमध्ये फिरवून बघायचं, मूळ वर्णनाशी आणि जमलं तर मूळ नमुन्याशी ताडायचं. आता पायाच्या तुकड्यातून डीएनए काढता येतो, तरी डोळ्यांनी बघणं सुटत नाही. अशी माणसं कमी होत चालली आहेत आणि नव्या मुलांना या विषयात जागा मिळत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

2007 मध्ये वाळवीचा स्वतंत्र गण मोडीत काढणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसॉप्टेरा हा वाळवीचा गण, म्हणजे कीटकांमधला मोठा गट, आम्ही बाईंच्या तोंडून पाठ केलेला. वाळवी ही मुळात झुरळांच्या गोतावळ्यातलीच, लाकूड खाणाऱ्या क्रिप्टोसर्कस झुरळाची जवळची नातलग. दोघांच्या आतड्यांतले सूक्ष्मजीवसुद्धा मिळतेजुळते. मी बाईंना फोन केला. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “मग आपल्या पेटीत तिला झुरळांच्या ओळीत जागा कर.” आपल्या पेटीत! त्यांच्या लेखी मी अजून नववीतच होते आणि पेटी तिथेच होती.

ती पेटी मी गेल्या दिवाळीत पाहिली. प्रयोगशाळेच्या जागी आता संगणक कक्ष आहे, छान आहे, मुलांना त्याची गरजच आहे. पेटी जिन्याखालच्या खोलीत आहे. डांबरगोळ्या कधीच उडून गेल्या, भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी बरेच कीटक पोखरलेत, काही टाचण्यांवर नुसती भुकटी उरली आहे. चिठ्ठ्या शाबूत आहेत. माझी मधमाशीची चिठ्ठीही.

मुख्याध्यापकांना विनंती आहे की ती पेटी माझ्याकडे दुरुस्तीला द्यावी. घट्ट झाकणाची नवी पेटी मी करून देईन, दर पावसाळ्याआधी नॅप्थलीन घालायला स्वतः येईन. नववीच्या मुलामुलींना शनिवारचे दोन तास मोकळे ठेवावेत, नव्या चिठ्ठ्या त्यांनीच लिहायच्या. सोहळ्याला बाईंना घरून घेऊन येण्याची जबाबदारी माझी. त्यांना आता जिने चढवत नाहीत, तेव्हा पेटी खालच्याच वर्गात, उजेडाच्या बाजूला मांडावी.