पुर्ने ते फुगताल, पायी

लडाखच्या झंस्कारमधल्या फुगताल गोम्पाला, म्हणजे बौद्ध मठाला, आम्ही गेलो तेव्हा गाडी जात नव्हती, आणि माझं मत विचाराल तर तेच बरंय. हिमाचलातल्या दारच्याहून शिंकू ला ओलांडून (खिंड 5 हजार मीटरच्या वर, डोकं ठणकतंच) पुर्नेपर्यंत गाडी येते, तिथे त्सारप आणि करग्याक नद्या मिळतात, पुढे आपले पाय.

आळंदी-पंढरपूर चाललेला माणूस मी, पण ती सवय इथे कामाची नाही. वारीत आपण कुठे चालतो, दिंडी चालवते, कोणीतरी अभंग उचलतं आणि कोस कधी संपला कळत पण नाही. इथे खाली मातकट हिरवी त्सारप, वर भुसभुशीत उतार, वाट जेमतेम हातभर, आणि आवाज फक्त आपल्या धापांचा. 2014च्या 31 डिसेंबरला याच नदीत वरच्या अंगाला डोंगर कोसळला होता, पाणी तुंबून तळं झालं आणि 2015च्या मे महिन्यात ते फुटलं तेव्हा पूल वाहून गेले. हे डोक्यात असलं की प्रत्येक पूल जरा जपूनच ओलांडतो आपण.

वाटेत एक आबी भेटली, आबी म्हणजे आजी. पाठीवर पिशवी, त्यात दिव्यांसाठी लोणी, हातात माळ. वय सत्तरीच्या पुढे असावं, वेग आमच्या दुप्पट. आपण माऊली म्हणतो तसं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जुले म्हणत होती. मणी-भिंत आली, म्हणजे मंत्र कोरलेले दगड रचून केलेली लांबलचक भिंत, आमच्यातला एकजण शॉर्टकट म्हणून भलत्या बाजूने निघाला तर हिने सरळ बाही धरून ओढला त्याला. भिंत उजव्या हाताला ठेवायची, आपल्या प्रदक्षिणेसारखंच, हे सांगायला भाषा लागली नाही.

मग एका वळणावर गोम्पा दिसतो. कड्यात भली मोठी गुहा आणि तिच्या तोंडापासून खालपर्यंत उतरत आलेल्या पांढऱ्या मातीच्या खोल्या, कशाच्या आधारावर उभ्या आहेत देव जाणे. पंधराव्या शतकातला म्हणतात, तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचा. आत गुहेत पाण्याचा झरा आहे. आणि एक दगडी पाटी आहे चोमा द कोरोश या हंगेरियन माणसाची, तो 1825-26ला इथे राहून तिबेटी शिकला, पुढे 1834ला कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापला गेला. हिवाळ्यात इथे बसून शब्द गोळा करायचे म्हणजे, मला तर बोटं गारठल्याने मोबाईल अनलॉक होत नव्हता, तेही ऑगस्टात!

स्वयंपाकघरात लामांनी लोण्याचा खारा चहा दिला. चहा समजून प्यायलात तर फसाल, कढण समजून प्या. आबीने त्यातच सत्तू टाकला, बोटांनी वाटीतच मळून गोळा केला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. तुमच्याकडे पण चालतात का असं तोडक्या हिंदीत विचारलं, मी वारीचं सगळं सांगितलं, लाखो लोक, पालख्या, अडीचशे किलोमीटर, तिचे डोळे मोठे होत गेले. मग म्हणाली चढ किती? मी अभिमानाने दिवे घाट सांगितला, उंची हजार मीटर पण नाही हे कळल्यावर आबी पोट धरून हसली आणि लगेच लामांना पण सांगितलं.