सडकीनं चप्पल धरली

परवा फाट्यावर बस पकडायला रस्ता ओलांडून राहिलो होतो, दुपारचे अडीच वाजलेले, आणि बरोब्बर मधात डाव्या पायाची चप्पल जागच्या जागी राहिली. पाय पुढं, चप्पल मागं. अशा वेळी माणूस सवयीनं उघडा पाय खाली टेकवतो, मीही टेकवला, आणि मग जो काय नाच झाला तो टपरीवरच्या चार जणांनी फुकटात पाहिला. टपरीवाले काका बसल्या जागेवरून म्हणाले, "काहून जी भाऊ, सडकीले पसंत पडली का चप्पल?" (मदतीला कोणी उठलं नाही, हे लक्षात ठेवलंय.)

ती जागा तशी माझ्या ओळखीची. मागच्या पावसाळ्यात तिथं हा एवढा खड्डा होता, दिवाळीनंतर ठेकेदाराच्या माणसांनी बुजवला आणि बुजवताना डांबर अगदी सढळ हातानं ओतलं. आपल्याकडे रस्त्याच्या डांबरात असा सढळपणा कुठं पाहायला मिळतो, म्हणून तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. आता एप्रिल लागल्यापासून ते जास्तीचं डांबर वर येऊन ठिगळ आरशासारखं चमकतं. बाकी रस्ता धड आहे, म्हणजे अगदीच धड नाही, ब्रेकरच्या अलीकडे कोळशाचे ट्रक ब्रेक मारतात तिथं बैलगाडीच्या वाटेसारख्या चाकोऱ्या पडल्यात, पण चपला तरी धरत नाही.

माझा भाचा रस्त्याच्या कामावर लॅबमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर हसून हसून म्हणाला, मामा, आम्ही रोज हेच करतो. पितळेच्या छोट्या कड्यात डांबर भरतात, वर पोलादाची गोळी ठेवतात आणि ते पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवत नेतात. डांबर ढिलं पडून गोळी 25 मिलिमीटर खाली आली की तेवढ्या अंशाला डांबर मऊ झालं असं धरायचं. रस्त्याला वापरतात त्या व्हीजी-30 नावाच्या प्रतीच्या डांबराचा हा आकडा किमान 47 अंश असावा लागतो, जड वाहनांच्या आणि जास्त तापणाऱ्या भागासाठी व्हीजी-40 असतं त्याचा किमान 50. मी म्हटलं, अरे पण आपल्याकडे हवाच 45-46 असते, काळी सडक तर भर उन्हात साठीच्याही वर जात असेल, मग सगळे रस्ते वाहून कसे जात नाहीत? तर म्हणे भार डांबर नाही उचलत, गिट्टी उचलते, गिट्टीत गिट्टी अडकून बसलेली असते, डांबर फक्त धरून ठेवायला. जिथं गिट्टी कमी आणि डांबर जास्त तिथं तुमच्यासारखी गोळी बुडते. गोळी म्हणाला मला, वजनावरून.

मावसभाऊ इंग्लंडात असतो. जुलै 2022 मध्ये तिकडं पहिल्यांदाच पारा 40 च्या वर गेला, 19 तारखेला लिंकनशायरमधल्या कोनिंग्सबीला 40.3, तेव्हा त्याचे रोज फोन. आम्ही आधी चिडवून घेतलं. तिकडं म्हणे ठिकाण पाहून 25 ते 28 अंशाच्या वर सलग तीन दिवस गेले की उष्णतेची लाट. पंचवीस! आमच्याकडे पंचवीस म्हणजे जानेवारी, आई दुपारी गोधडी घेऊन उन्हात बसते. पण तो सांगत होता की ल्यूटनच्या विमानतळाची धावपट्टीच उन्हानं उखडली, विमानं थांबवावी लागली, आणि हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकत फिरतात त्याच गाड्या डांबर चिकटू नये म्हणून भर उन्हाळ्यात रस्त्यावर बारीक खडी टाकत फिरून राहिल्या. भाच्याला विचारलं तर त्याला नवल नाही. थंड मुलखात डांबर मऊच घ्यावं लागतं, कडक घेतलं तर थंडीत तडकतं. म्हणजे सडकही जिथली तिथं सवयीची असते. मग मी चिडवायचं थोडं कमी केलं.

आपल्या हवामान खात्याचंही मोजमाप जागा पाहून आहे. मैदानी भागात निदान 40 पाहिजे, समुद्राकाठी 37, डोंगरात 30, आणि त्यातही नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, तेव्हा लाट. मुंबईची आत्या दरवर्षी म्हणायची की तुमचं ऊन बरं बाबा, घाम तरी वाळतो. एकदा मे महिन्यात आली आणि कूलरच्या पुढून चार दिवस हलली नाही. कूलर तिला फार आवडला, घरी घ्यायचं म्हणून राहिली होती, मोठ्या मुश्किलीनं समजावलं की तुमच्या दमट हवेत तो नुसता चिकचिक वाढवेल, त्याला आमचीच कोरडी झळ लागते. नागपूरनं 23 मे 2013 ला 47.9 पाहिलंय. आणि 2024 च्या मे अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित यंत्रानं तर 56 दाखवलं, नंतर कळलं यंत्रच बिघडलं होतं, पण गावात त्या आकड्यावर शंका एकानंही घेतली नव्हती.

आजी सडकीनं चालायचीच नाही. तिचं म्हणणं, सडक गाडीसाठी, माणसानं बांधावरून जावं. वावरातून येताना चप्पल तुटली तर पळसाची पानं पायाला बांधून यायची, ओल्या पानाला चटका कमी लागतो म्हणे. आता बांधाची पायवाट कोणी वखरून आपल्या वावरात घेतली ते विचारू नका, भांडणं होतात. गावात आतले रस्ते सिमेंटचे झालेत, ते वितळत नाहीत ही गोष्ट खरी, पण दिवसभर पिऊन ठेवलेली तपन रात्री अकरापर्यंत परत देत बसतात. पहिले अंगणात सडा टाकला की तासाभरात खाट टाकता यायची. आता सिमेंटवर पाणी मारलं तर वाफ येते, आणि खाट गच्चीवर न्या म्हणावं तर तिथं कुरडया वाळत असतात.

बरं, चप्पल. सुटली पण दोन खडे घेऊनच सुटली, घरी फरशीवर टक टक वाजत होती म्हणून ओट्यावर बसून स्क्रूड्रायव्हरनं अर्धा तास कोरली. डांबर काही गेलं नाही. शेवटी आईनं रॉकेलचा बोळा दिला, रॉकेल हिच्याकडे अजून कुठून येतं देव जाणे.

काल परत फाट्यावर गेलो तर त्या ठिगळावर पांढरी चुरी पसरलेली. काकांनी स्वतःच कडेच्या ढिगातून दोन घमेली आणून टाकली होती, गिऱ्हाईक चिकटतं म्हणून. मी म्हटलं काका, इंग्लंडात हेच करतात, फक्त गाडीनं. त्यांनी चहा गाळता गाळता विचारलं, "मंग तेथच्या टपरीवाल्याले घमेल्याचे पैसे कोण देते?"