परसातल्या निळ्या फुलझाडाची ओळख पटवताना

बेळगावात टिळकवाडीतील जुन्या घरात राहायला आलो तेव्हा परसातील बहुतेक झाडे आधीच्या मालकांनी लावलेली होती. जास्वंद, पारिजातक, अबोली, अडुळसा ही ओळखीची होती. विहिरीच्या कठड्यालगतचे कंबरभर उंचीचे एक झुडूप मात्र आमच्यापैकी कोणालाच ओळखता येईना. पावसाळाभर ते नुसत्या पानांचे राहिले आणि थंडी सुरू झाल्यावर त्याच्या शेंड्यांवर वीतभर लांबीचे तुरे येऊन त्यांत गडद निळी फुले उमलू लागली.

शेजारच्या काकूंनी ती निळी कोरांटी असल्याचे सांगितले, पलीकडच्या कन्नड बोलणाऱ्या अक्कांनी ‘गोरटे’ म्हणून तेच सुचवले, आणि रोपवाटिकेतल्या माणसाने फोटोवर ओझरती नजर टाकून निळा चित्रक असे उत्तर दिले. मोबाइलमधील झाडे ओळखणाऱ्या सोयीने फोटोगणिक वेगळे नाव काढले. या उत्तरांना चुकीचे ठरवण्यापेक्षा प्रत्येक नाव तपासून पाहायचे ठरवले, कारण ही सर्व झाडे प्रत्यक्ष पाहता येण्याजोगी होती आणि त्यांच्या खुणा ठाऊक होत्या.

चित्रक लगेच बाद झाला. बागेतल्या निळ्या चित्रकाची फुले फिकट आकाशी असतात, त्याची पाने एकाआड एक येतात आणि फुलाच्या देठाकडील हिरव्या नळीवर चिकट ग्रंथी असतात, ज्या बोटांना लागतात. आमच्या झाडाची पाने समोरासमोर जोडीने होती आणि फुलाला चिकटपणा मुळीच नव्हता.

कोरांटीचा विचार मात्र सहज सोडता आला नाही. समोरासमोर पाने, नळीसारखा पुष्पमुकुट (पाकळ्या जुळून झालेला भाग) आणि फुलाखाली हिरवी छदे (पानांसारखी लहान दले) हे सर्व कोरांटीतही आहे, कारण कोरांटी, अबोली, अडुळसा, कारवी ही सगळी एकाच वासक कुलातली. तेव्हा हे झाडही त्याच घराण्यातले असावे, एवढे अनुमान निघाले आणि शोधाचा पसारा बराच आटोपला. मग दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि दाढीचे पाते घेऊन फूल उभे चिरले. कोरांटीच्या फुलाखाली चार निदले (पाकळ्यांबाहेरची हिरवी दले) असतात, त्यांपैकी बाहेरची दोन मोठी आणि आतली दोन अगदी लहान. येथे सारखी, अरुंद अशी पाच निदले दिसली. पुष्पमुकुटाची नळी बारीक आणि लांब, तिच्या तोंडाशी पसरलेल्या पाच पाकळ्या, आणि बाहेर डोकावणारी केसरदले, म्हणजे पुंकेसर, दोनच. फोटोत यांतले काहीच नीट येत नाही. रंग ही फुलाची सर्वांत ठळक खूण वाटते खरी, पण ओळख पटवताना तिचा उपयोग सर्वांत कमी झाला, हे मला नोंदवावेसे वाटते.

या खुणा घेऊन शोधल्यावर एरँथेमम ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, समोर आली. बागकामाच्या पुस्तकांत आणि मोबाइलवर तिच्यातील एकच जाती वारंवार दिसते, ती म्हणजे एरँथेमम पुल्चेलम, जी हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या प्रदेशातली असून शोभेसाठी सर्वत्र लावतात. बरेच काही जुळत होते. पण तिचे तुरे आखूड आणि दाट असतात, तर आमचे लांब आणि विरळ होते. शिवाय रोज सकाळी पाहताना असे लक्षात आले की सुकू लागलेली फुले निळी न राहता विटकरी तांबूस होतात आणि एकाच तुऱ्यावर दोन्ही रंग दिसतात.

याच सुमारास बाजारात खानापूर तालुक्यातील जांबोटीकडून अबोलीचे गजरे घेऊन येणाऱ्या मावशींना फांदी दाखवली. त्या म्हणाल्या, “आमच्याकडं रानात दिवाळी सरली की फुलतंय हे. दशमुळी म्हणतात बघा.” आयुर्वेदातील दशमूळ हे बेल, टेंटू, शिवण, रिंगणी, गोखरू इत्यादी दहा वनस्पतींच्या मुळांचे मिश्रण आहे आणि हे झाड त्या दहांत येत नाही, म्हणून केवळ या नावावर विसंबून कोणी औषध करू नये. पण रान आणि ऋतू या दोन गोष्टी मावशींनी अचूक सांगितल्या होत्या, आणि दशमुळी म्हणजे सह्याद्रीतील एरँथेमम रोझियम हे नंतर सहज सापडले.

खात्रीसाठी जुना ग्रंथ पाहणे आवश्यक होते. महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील पुस्तकांतली ठिकाणांची यादी कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडपाशी येऊन थांबते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, पण खानापूरच्या झाडांना ते कोणी कळवलेले नाही. मात्र पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात बेळगाव आणि उत्तर कानडा हे दोन्ही जिल्हे समाविष्ट आहेत, कारण त्या वेळी ते इलाख्यातच होते. हा ग्रंथ आता संगणकावर मोफत वाचता येतो. असे जुने ग्रंथ वापरणाऱ्याने एक काळजी घ्यावी: त्यांत हीच वनस्पती डेडालाकँथस रोझियस या नावाखाली असते आणि आजच्या नावाने शोधल्यास हाती लागत नाही. वर्णन वाचताना लांब तुरे, हिरव्या शिरांची छदे आणि सुकताना बदलणारा रंग या खुणा एकेक करून ताडून पाहिल्या.

शेवटची तपासणी ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी केली. त्यांना फक्त फूल नको होते. पाने, तुरा आणि बोंड असलेली पूर्ण फांदी हवी होती. बोंडे पिकेपर्यंत थांबावे लागले. या कुलातील बोंड वाळले की झटक्याने उकलते आणि आतील आकड्यांसारख्या देठांच्या जोराने बिया लांब उडतात, म्हणून पिकत आलेल्या तुऱ्यावर मलमलीची पिशवी बांधून ठेवली. पिशवीत गोळा झालेल्या बिया कुंडीत पेरल्या आणि फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवली. दाबलेल्या फुलाचा रंग टिकत नाही, त्यामुळे प्राध्यापकांच्या सांगण्यावरून तारीख, ठिकाण आणि झाडाची उंची यांच्यासोबत उमललेल्या आणि सुकलेल्या फुलाचे दोन्ही रंग कागदावर लिहून ते नमुन्याला जोडले. ते पाहून त्यांनी दशमुळी या निष्कर्षाला दुजोरा दिला.