तुम्ही विचारलंत म्हणून: जुना सोफा करून घेऊ की नवीन आणू?

"सोफ्याचं कापड फाटलंय. नवीन कापड चढवून घेऊ, की सरळ नवा सोफाच आणू?" गेली बावीस वर्षं मी सोफे आणि खुर्च्या उसवते, भरते, शिवते, त्यामुळे हा प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारत असतं. सोबत बहुतेक वेळा फाटलेल्या कापडाचा फोटो येतो. त्या फोटोवरून मला काहीच सांगता येत नाही. कापड सगळ्यांत शेवटी बघायचं असतं. मला सोफ्याच्या पोटाचा फोटो हवा असतो.

आधी एक साधी गोष्ट करून बघा. सोफ्यासमोर उभे राहा आणि पुढचा एक कोपरा धरून हळूहळू वीतभर, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर, वर उचला. तेवढ्यात पुढचा दुसरा पायही जमिनीवरून सुटला पाहिजे. तो तिथेच टेकलेला राहिला, तर सांगाडा पिळवटतोय, म्हणजे सांधे सैल झालेत किंवा कुठेतरी लाकूड तडकलंय. मग दोन्ही हात, म्हणजे सोफ्याचे हात, आतबाहेर हलवून बघा. करकर ऐकू आली तर ती कुठून येते तिकडे कान द्या.

आता कोणालातरी मदतीला घेऊन सोफा पालथा घाला. खाली पातळ, बहुधा काळं कापड ठोकलेलं असतं. ते एका बाजूने सोडवा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. भरीव लाकडाच्या पट्ट्या, एकीचं टोक दुसरीच्या खाचेत नीट बसवलेलं, कोपऱ्यांत स्क्रू मारलेले तिरके ठोकळे, असं दिसलं तर माझं उत्तर जवळपास ठरलेलं असतं: ठेवा. सैल सांधा उघडून, जुना गोंद खरवडून, नव्याने चिकटवून आवळता येतो. भुसा दाबून केलेला बोर्ड आणि त्यावर नुसत्या स्टेपल दिसल्या, तर त्यावर पैसे घालू नका. असा बोर्ड एकदा ओलावा पिऊन फुगला किंवा स्टेपलपाशी उकलला, की पुन्हा पकड धरत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या अशाच सोफ्याला मी सुंदर जाड कापड चढवून दिलं होतं. आतला बोर्ड मी पाहिला होता, पण त्यांना तो सोफा फार आवडायचा आणि "नको" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. वर्षाच्या आत मधली पट्टी बसली. कापड नव्यासारखं, आणि खाली सोफा मोडलेला. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, पण तेव्हापासून आत बघितल्याशिवाय आणि जे दिसलं ते स्पष्ट सांगितल्याशिवाय मी काम हातात घेत नाही.

लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर घाबरून जाऊ नका. कीड कधीच निघून गेलेली असू शकते. ब्रशने सगळं झाडून घ्या, खाली पांढरा कागद अंथरा आणि काही आठवडे लक्ष ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड अजून जिवंत आहे. अशा वेळी आधी त्यावर उपाय, मग बाकी सगळं. ढेकूण झालेला किंवा पुराच्या पाण्यात बुडून आतपर्यंत बुरशी धरलेला सोफा मात्र मी घेत नाही.

एक गोष्ट मात्र बाहेरून दिसतच नाही. जुन्या खुर्च्यांना आयुष्यात दोनतीनदा कापड बदललेलं असतं आणि दर वेळी त्याच लाकडी पट्टीवर शेकडो चुका, म्हणजे बारीक खिळे, मारलेल्या असतात. उसवत गेलं की पट्टीची अक्षरशः चाळण झालेली सापडते. बोटाने दाबलं तरी कडा भुगा होऊन निघते, नवी चूक मारावी तर ती तशीच बाहेर येते. तेव्हा मी लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून तो लगदा भोकांत दाबून भरते, वरून कापडाची पट्टी चिकटवते आणि पूर्ण वाळू देते. लाकूड पुन्हा चूक धरू लागतं. या कामाला दिवस जातो आणि काम झाल्यावर ते कोणालाच दिसत नाही. मजुरी एवढी का, असं लोक विचारतात तेव्हा मला या पट्ट्या आठवतात.

मजुरीचा विषय निघालाच आहे तर सांगते. मोठा सोफा पूर्ण उसवून नव्याने करायचा खर्च एखाद्या साध्या नव्या सोफ्याइतका, कधी त्याहून जास्तही होतो. म्हणून तुलना बाजारातल्या सगळ्यांत स्वस्त सोफ्याशी करू नका. तुमच्याकडे आहे तसाच भरीव सांगाडा असलेला नवा सोफा केवढ्याला पडेल, ते विचारा. आणि हलकं कापड घेतलं म्हणून मजुरी कमी होत नाही, हात तेवढेच चालतात. तीन जणांच्या सोफ्याला १४० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड १२ ते १५ मीटर सहज लागतं, आणि मोठी नक्षी जुळवायची असेल तर आणखी. एवढं कापड आणि एवढे हात लागणार असतील तर टिकणारंच घ्या. कापडाच्या नमुन्यावर पुष्कळदा मार्टिंडेलचा आकडा असतो. कापड किती वेळा घासल्यावर विरतं, याची ती चाचणी. रोज बसण्याउठण्याच्या सोफ्याला २०,०००च्या खालचं मी सुचवत नाही.

फोमबद्दल जवळपास सगळ्यांचा एकच गैरसमज असतो. "घट्ट फोम द्या, म्हणजे टिकेल," असं म्हणतात. घट्टपणा वेगळा, घनता वेगळी. घट्टपणा म्हणजे बसल्यावर कसं वाटतं ते. घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे, आणि टिकणं त्यावर अवलंबून असतं. मऊ फोमही घनदाट असू शकतो, आणि कडक फोम हलका निघून लवकर बसू शकतो. रोजच्या बैठकीला मी ३५ ते ४० किलोचा वापरते. पाठीला हलका चालतो, तिथे भार कमी येतो.

रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागले असतील तर रंग, पॉलिश, ठिगळ यांत पडू नका. वरचा थर कापडापासून सुटायला लागला की थांबत नाही. खरं चामडं वेगळं. ते कोरडं पडलं, रंग उडाला, तरी पुष्कळदा वाचवता येतं.

आणि दर वेळी सगळंच उसवायला लागतं असंही नाही. कापड चांगलं असून नुसती बैठक दबली असेल, तर चेन उघडून आतला फोम बदला. मधे झोळ पडला असेल, तर दोष बहुधा बैठकीखाली ताणून बसवलेल्या पट्ट्यांचा किंवा निसटलेल्या स्प्रिंगचा असतो, आणि ते काम खालच्या बाजूने होतं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांची सुटी बैठक तर चार स्क्रू काढले की हातात येते. चार बैठकांना दीड मीटर कापड पुरतं. ते घरी स्वतः करा, मनापासून सांगते.

आठवण म्हणून ठेवू का, असंही विचारता. ठेवा, पण त्यावर कोणी बसत असेल तर. आमच्याकडे वडिलांचा मोठा सोफा होता. सांगाडा दोन जागी तुटलेला, बसायला कोणी तयार नाही. तो मी जाऊ दिला आणि त्या दिवशी मला रडू आलं. त्याच्याबरोबरची आईची खुर्ची ठेवली. लाकूड पक्कं होतं, पण बैठक दबून जमिनीपासून जेमतेम ३८ सेंटिमीटरवर आली होती. आईला उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा, कधी कोणाला तरी हाक मारावी लागायची. मी पट्ट्या नव्या ताणल्या, फोम जाड घेतला आणि बैठक ४६ सेंटिमीटरवर नेली. नव्या सोफ्यांत एवढी उंची शोधून मी दमले होते, आता बरेचसे फार बुटके येतात.

कापडाचा रंग कुठला, हे आईने अजून विचारलेलं नाही. ती उठते आणि चालू लागते.